जी-हुजुरी : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

प्रत्येक सोसायटीत एक पार्किंगवरून भांडणारा असतो, एक पाण्याच्या टाकीचं झाकण तपासणारा असतो आणि एक ‘नेटवर्कमधलं कळणारा’ असतो. पहिल्या दोन जागा बहुधा तहहयात भरलेल्या असतात. तिसरीसाठी मात्र कायम भरती चालू असते. कारण आधीच्या माणसाच्या सांगण्यावरून अर्ध्या इमारतीने ज्या कंपनीचं कार्ड घेतलं, तिची रेंज कुणाच्याच स्वयंपाकघरात येत नाही आणि तो बिचारा हल्ली लिफ्ट टाळून जिन्याने ये-जा करतो.

ही जागा तुम्हाला मिळू शकते. अभियांत्रिकीची पदवी नको. असलीच तर लपवा, नाहीतर लोक राउटर दुरुस्त करायला बोलावतील. पुढचे धडे क्रमाने वाचा.

१. ‘जी’ मोजायला शिका. जी म्हणजे जनरेशन, म्हणजे पिढी. मोठा आकडा लहान आकड्यापेक्षा चांगला, एवढं आलं की पहिली परीक्षा पास. आपल्याकडे फाइव्ह-जी असं खोक्यावर छापलेले फोन २०२० पासून विकले जात होते. नेटवर्क सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. बाजारात तुरी असताना घराघरांत भांडणं लागण्याची आपली परंपरा जुनी आहे. नेटवर्क आल्यावर कळलं की अनेक फोनांना आधी सॉफ्टवेअर अपडेट हवं. आयफोनवाल्यांना ते डिसेंबरात मिळालं. पंच्याऐंशी हजार मोजलेल्या शेजाऱ्याला त्या दोन महिन्यांत तुम्ही काय म्हणाल? काहीही म्हणू नका. खांद्यावर हात ठेवा.

२. एखादा हरलेला घोडा पाळा. खरा तज्ज्ञ जिंकलेल्याबद्दल बोलत नाही, ते कुणीही बोलतं. तो सुस्कारा सोडून म्हणतो, “वायमॅक्स टिकलं असतं तर...” आणि चहाचा घोट घेतो. पुढचं वाक्य पूर्ण करण्याची गरज नसते, पण कुणी खनपटीला बसलंच तर पुढील मजकूर पाठ असू द्या.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुढच्या पिढीच्या गादीसाठी दोन दावेदार होते. वायमॅक्सच्या पाठीशी संगणकवाले, म्हणजे प्रामुख्याने इंटेल. एलटीईच्या पाठीशी टेलिफोनवाले. वायमॅक्स आधी पोचलं : कोरियात त्याचा भाऊ वायब्रो २००६ मध्येच सुरू झाला, अमेरिकेत स्प्रिंटने २००८ मध्ये बाल्टिमोरला दुकान मांडलं. एलटीई उशिरा आलं, डिसेंबर २००९ मध्ये, स्टॉकहोम आणि ऑस्लोत. मधल्या काळात परिषदा झाल्या, टक्केवाऱ्या फेकल्या गेल्या, दोन्ही बाजूंनी एकमेकांची तिरडी बांधली. गंमत अशी की टॉवरकडून फोनकडे माहिती पाठवायची दोघांची मूळ युक्ती एकच होती. एक रुंद प्रवाह शेकडो बारीक धारांत फोडायचा आणि त्या धारा गिऱ्हाइकांना वाटून द्यायच्या. मसाला एकच, भांडण पातेल्याच्या ब्रँडवरून. एलटीई जिंकलं ते मुख्यतः जगभरच्या बहुतेक कंपन्या आधीच त्या घराण्यात नांदत होत्या म्हणून. घरचंच स्थळ असलं की पत्रिका कोण बघतं? स्प्रिंटने २०१५-१६ मध्ये वायमॅक्सचे टॉवर बंद केले.

इथे आवाज खाली आणा आणि भारतावर या. २०१० मध्ये आपल्याकडे ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. सोळा दिवस, ११७ फेऱ्या, सरकारी तिजोरीत साडेअडतीस हजार कोटी. त्या लहरींवर वायमॅक्स चालवा की एलटीई, सरकारची ना नव्हती. बीएसएनएलने वायमॅक्सचे टॉवर उभारलेही. देशभरातल्या सगळ्या बावीस सर्कलची बोली जिंकली इन्फोटेल ब्रॉडबँड नावाच्या कंपनीने. हे नाव ऐकून लोक एकमेकांकडे बघत होते, तेवढ्यात त्याच दिवशी रिलायन्सने ती विकत घेतली. जिओची सेवा रीतसर सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला. लिलावाच्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर पहिलीत गेलं होतं. (नवशिक्यांनी इथे “दूरदृष्टी” हा शब्द वापरावा. ‘उशीर’ हा शब्द फक्त गॅस सिलिंडर आणि प्लंबरसाठी राखीव आहे.)

३. व्याख्या पाठ करा, पण पेन्सिलीने. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये चौथ्या पिढीसाठी अट घातली : स्थिर असताना सेकंदाला एक गिगाबिट, वेगात जाताना शंभर मेगाबिट. त्या मापात तेव्हाचं वायमॅक्सही बसत नव्हतं आणि एलटीईही. मग काय करावं? विद्यार्थी नापास होत असतील तर आपली बोर्डं जे करतात तेच. डिसेंबर २०१० मध्ये संघाने सांगितलं की त्या दोघांना, आणि सुधारलेल्या थ्री-जीलाही, फोर-जी म्हणायला हरकत नाही. एका रात्रीत जगातले कित्येक फोन वरच्या वर्गात गेले. त्यातला एकही खिशातून हलला नव्हता.

पुढे अमेरिकेत एटी अँड टीने एवढीही तसदी घेतली नाही. २०१९ च्या सुरुवातीला तिच्या काही फोर-जी फोनांच्या कोपऱ्यात आपोआप ‘फाइव्ह-जी ई’ असं चिन्ह उगवलं. फोन तोच, टॉवर फोर-जीचाच. नेटवर्क सुधारण्याची इतकी स्वस्त पद्धत आजवर सापडलेली नाही. घरी करून पाहायची असेल तर एक स्टिकर आणा.

४. वेगळी चूल की एकत्र कुटुंब? पान खाऊन झाल्यावरच्या चर्चेत हा प्रश्न तुम्ही स्वतःहून काढा. फाइव्ह-जी दोन तऱ्हेनं मांडता येतं. जिओने स्टँडअलोन निवडलं, म्हणजे वेगळं बिऱ्हाड : अँटेना नवी आणि आतला कारभारही नवा. एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने केली, म्हणजे सून नवी पण स्वयंपाकघर सासूबाईंचं : अँटेना फाइव्ह-जीची, आतला कारभार फोर-जीचा. पहिल्यात पुढेमागे नवे पदार्थ करता येतात. दुसऱ्यात संसार लवकर आणि कमी खर्चात उभा राहतो. दोन्ही पक्षांचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच तुम्ही एक पक्ष घट्ट धरा आणि दुसऱ्याला मूर्ख म्हणा. दोन्ही कार्डं एका फोनमध्ये घालून काकूंचा व्हिडिओ कॉल लावून दाखवा, असं कुणी म्हणालं तर विषय बदला. फरक काकूंना दिसणार नाही, आणि तुम्हालाही.

५. भिंतीचा आदर करा. हा एकच धडा खरोखर उपयोगी आहे, म्हणून लहान ठेवतो. कमी कंपनसंख्येच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात; जास्तीच्या भरपूर माल आणतात, पण दारातच अडखळतात. ७०० मेगाहर्ट्‌झ हा पहिला प्रकार. २०२२ च्या लिलावात तो फक्त जिओने घेतला, सुमारे ३९ हजार कोटींना. २६ गिगाहर्ट्‌झ हा दुसरा प्रकार : भिंत, झाडाचा पाला किंवा तुमचा स्वतःचा पंजा त्याला अडवायला पुरतो. म्हणजे जाहिरातीतला वेग हवा असेल तर घराला भिंती नकोत, दारात आंबा नको आणि फोन हातात धरायला नको. बाकी काही अडचण नाही.

६. मिलिसेकंद. हा शब्द लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या वाढपाच्या वेळी टाकावा. फाइव्ह-जीच्या उद्दिष्टांत हवेतल्या टप्प्याला एक मिलिसेकंद एवढाच उशीर अपेक्षित आहे. यावरून तुम्ही सांगायचं की आता पुण्यातला सर्जन गडचिरोलीतल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करील. लोक माना डोलावतील. एखादी आगाऊ भाची म्हणेल की काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला दोनशेच किलोमीटर जातो, मग जाऊन-येऊन सात-आठ मिलिसेकंद तर वाटेतच गेले. त्याहून आगाऊ असेल तर विचारेल, “मामा, पण ऑपरेशन थिएटर काय टमटममधून धावणार आहे? भिंतीतून वायर नाही का ओढता येणार?” आणि तिसरा प्रश्न, रुग्णाशेजारी भूलतज्ज्ञ कोण, हा तिने विचारण्याआधी तिला जिलबी वाढा.

याच धड्यात स्वीडन येतं. १ ऑक्टोबर २०२२ च्या उद्घाटनाला दिल्लीच्या प्रगती मैदानात बसून पंतप्रधानांनी स्वीडनमधली मोटार चालवून दाखवली. तंत्र म्हणून ही भारीच गोष्ट, त्यात थट्टा नाही. तुमची एखादी मोटार स्वीडनमध्ये उभी असेल तर हा धडा दोनदा वाचा. ती सिंहगड रोडला अडकली असेल तर पुढे चला.

७. स्पीड टेस्ट हा कुळाचार समजा. रोज एकदा, पाहुणे आले की दोनदा. काटा पाचशेवर गेला की फोन सगळ्यांपुढून आरतीच्या तबकासारखा फिरवा. चांगल्या दर्जाचा सिनेमा बघायला पाच मेगाबिट पुरतात, हे तेव्हा बोलू नका. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक असतो, हे तर कधीच बोलू नका. या गोंधळावर अख्खा धंदा उभा आहे. हिशेब मात्र स्वतःपुरता करून ठेवा. रोजचे दोन जीबी म्हणजे सोळा गिगाबिट. पाचशेच्या वेगाने नळ सोडला तर बत्तीस सेकंदांत टाकी रिकामी. म्हणून तर अमर्याद फाइव्ह-जी दिलं जातं, आणि म्हणून तर जुलै २०२४ पासून ते दिवसाला दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकवाल्यांनाच उरलं. अमर्याद या शब्दालाही अखेर एक कुंपण लागतंच.

काड्यांचंही असंच. कोपऱ्यात चार काड्या आहेत म्हणजे टॉवर तुम्हाला दिसतोय. तो तुमच्याकडे बघतोय असं नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर उभे राहा. काड्या भरलेल्या, ‘जी’ पाचवा, आणि मानाच्या गणपतीचा फोटो रात्री साडेअकराला घरी पोचल्यावर वायफायवर जातो. एका टॉवरचा माल तिथे हजारो जण वाटून घेत असतात. त्या गर्दीत काड्या मोजा, कंपनीला फोन लावून काड्या करू नका. तो लागणारच नाही.

८. गावच्या पाहुण्यापासून सावध. तो शांतपणे ऐकून घेतो आणि मग विचारतो, “आमच्याकडे घाटीवरच्या चिऱ्यावर उभं राहिलं की बोलणं होतं. त्या चिऱ्याला कितवा जी म्हणायचं?” याला उत्तर नाही. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गात एका मुलीने ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी बांधून पावसाळा काढला, ती बातमी त्याने वाचलेली असते. बहुधा त्याच चिऱ्यावर उभं राहून. माझ्या मावसभावाने तर एका कंपनीच्या माणसाला चिऱ्यापर्यंत नेलं होतं. त्याने वर चढून फोन बघितला, “इथे तर मस्त आहे” असं म्हणाला आणि तक्रार निकालात काढून खाली उतरला. अशा वेळी तज्ज्ञाने बीएसएनएलची आठवण काढावी. देशी बनावटीच्या तिच्या फोर-जीचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. त्यावर चर्चा नऊ-दहा मिनिटं सहज चालते आणि पाहुण्याची गाडी सुटायची वेळ होते.

९. पुढच्या आकड्याची पेरणी आत्ताच करा. सहाव्या पिढीचं भारताचं संकल्पपत्र मार्च २०२३ मध्येच निघालं, म्हणजे पाचवी सुरू होऊन सहा महिने झाले नव्हते. आत्ता कुणी फोन घ्यायला निघालं तर त्याच्या पायाकडे बघत म्हणा, “थांबला असतात दोन-चार वर्षं, तर...” तो घेणार ते घेणारच आहे, पण पुढची पाच वर्षं दर वेळी व्हिडिओ अडकला की त्याला तुमचा चेहरा आठवेल.

सरावासाठी आज संध्याकाळी सेक्रेटरींना गाठा. गच्चीवर टॉवर बसवायला ज्यांचा विरोध होता आणि घरात रेंज नाही म्हणून ज्यांची तक्रार आहे, ते तेच. त्यांना फोन करून चौथा धडा म्हणून दाखवा. मात्र लिफ्टचं दार लागायच्या आत वाक्य संपवा.