तिवरांची बदली

सरकारी नोकरीत एक जुनी धास्ती असते. साहेबांची मर्जी फिरली की थेट चंद्रपूर-गडचिरोलीची ऑर्डर हातात पडते. आजवर हा मान फौजदार, तहसीलदार आणि जास्त बोलणारे गुरुजी यांच्यापुरता होता. आता तो झाडांनाही मिळाला आहे.

वर्सोवा ते भाईंदर सागरी किनारा रस्त्याच्या कामात ४५ हजारांहून जास्त तिवरं आडवी येतात. ती तोडायची परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये महापालिकेला दिली. तिवरांच्या बदल्यात तिप्पट रोपं लावू, असं महापालिका सांगते. आणि रस्त्यात जी वनजमीन जाणार, तिच्या भरपाईचं वनीकरण? ते चंद्रपूर जिल्ह्यात.

नकाशा उघडून बघा. चंद्रपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ. म्हणजे भरती रोखायचीच झाली, तर ती आधी आंध्रची रोखावी लागेल.

कुणी काही बेकायदा करतंय असं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन घेतली की भरपाईचं वनीकरण करावंच लागतं. कायद्याच्या वहीत हेक्टर म्हणजे हेक्टर. इकडे वजा, तिकडे जमा, खाली बेरजेची रेघ. ते हेक्टर खाडीच्या तोंडाशी काय करत होते, हा रकाना वहीत नाही.

ते काय करत होते, हे ओहोटीला चारकोप किंवा गोराईच्या बाजूला जाऊन बघावं. कपड्यांची माया सोडावी लागेल, कारण चिखल गुडघ्यापर्यंत येतो. तिवराचं एक पान खुडा आणि मागची बाजू जिभेला लावा. खारट लागेल. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून बोटभर उंचीच्या मुळ्या शेकड्यांनी वर आलेल्या दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. शेजारच्या कांदळाचं तर बी झाडावरच रुजतं. हातभर लांब शेंगेसारखं लोंबत राहतं आणि सुटलं की चिखलात उभंच घुसतं. खड्डा, फीत, पाहुणे, फोटो यांतलं काहीही न लागता वृक्षारोपण उरकतं. तो खातंच बंद पाडण्याचा प्रकार असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा तरी राग असणं समजू शकतं.

या मुळांत गाळ अडतो, लाटेचा जोर मोडतो, भरतीचं पाणी पसरून निवतं. कोलंबीची, चिंबोऱ्यांची पिल्लं इथेच आडोशाला वाढतात. बाजारात जिताड्याचा भाव ऐकून कोळणीशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. तिला असतं. पण पर्यावरण परिणामाच्या सुनावणीत हुज्जत घालायला तज्ज्ञ लागतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी कुठल्याच झाडाने पिऊन टाकलं नसतं, हे कबूल. पण पाण्याला पसरायला जी दलदल होती, तिच्यावर आपण आधीच वांद्रे-कुर्ला संकुल थाटलं होतं. मिठी नदी मग लोकांच्या घरी मुक्कामाला आली आणि तेव्हा कुठे मुंबईला कळलं की आपल्याला एक नदी आहे.

त्यानंतर आपण शहाणे झालो, निदान कागदावर. कांदळवनं नष्ट करणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं २०१८ मध्ये याच उच्च न्यायालयाने म्हटलं. २०२० मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला ‘राज्य कांदळवृक्ष’ म्हणून जाहीर केलं. शाल, श्रीफळ आणि मग बदली, हा क्रम सरकारी नोकरांना नवा नाही. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरं तोडायची परवानगी २०२२ मध्ये मिळालीच होती. प्रत्येक वेळी कारण एकच: व्यापक जनहित. पश्चिम उपनगरांतल्या गर्दीत दोन-दोन तास सडणारा माणूसही जनच आहे आणि त्याला रस्ता नको, असं म्हणायची माझी हिंमत नाही. फक्त जनहित एवढं व्यापक असताना त्याच्या वाटेत बिल्डरांचे टॉवर कधी येत नाहीत, नेमकी तिवरंच येतात, एवढंच डोळ्यांत खुपतं. त्यातल्या काही टॉवरांत ‘मँग्रोव्ह व्ह्यू’चे वेगळे पैसे घेतलेले आहेत. खिडकीतून आता पूल दिसेल. पैसे परत मागण्याची सोय माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असेल तर शोधावी.

चंद्रपूरकरांनी तरी हरकत का घ्यावी? त्यांच्या जिल्ह्यातून कोळसा निघतो, वीज निघते, उरलेल्या जंगलात वाघ आणि माणूस एकमेकांना चुकवत फिरतात. आता मुंबईची हिरवळही त्यांनीच सांभाळायची. उद्या तिथल्या खाणींसाठी जंगल गेलं आणि भरपाईची जागा त्यांनी मुंबईत मागितली, तर मात्र पंचाईत आहे. इथला चौरस फुटाचा भाव ऐकून रोप पिशवीतच सुकेल.