पांदण रस्ता, पंधरा गुण

माझ्या नावावर तीनशे बारा अभिप्राय आहेत. मोबाईलच्या नकाशात मी सहाव्या पातळीचा मार्गदर्शक आहे, आणि ही पातळी ऑफिसातल्या कुठल्याही बढतीपेक्षा मला लवकर मिळाली. धर्मशाळा, मिसळ, पेट्रोल पंपावरची हवा, सगळ्यांना मी तारे दिले आहेत. गेल्या दिवाळीत वाशीमला सासुरवाडीच्या घरालाही चार दिले: 'पाहुणचार उत्तम. वरच्या खोलीतला पंखा आवाज करतो.' सासऱ्यांनी ते वाचलं. पंखा बदलला नाही, माझी खोली बदलली. आता मी बैठकीत झोपतो.

सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे ते पोह्यांबरोबर वाढतात. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवून घेतलं, हे चहाबरोबर. "पाचव्या शतकात इथल्या माणसानं कलेला आश्रय दिला तो असा," ते म्हणाले. "आणि तुम्ही, जावईबापू?"

"मी तारे देतो," मी म्हणालो.

बेत साधा होता. सकाळी शिरपूर जैन, दुपारी पोहरादेवीचं बंजारा संग्रहालय. नगाऱ्याच्या आकाराची ही इमारत ५ ऑक्टोबर २०२४ ला उघडली, आणि आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट जावयाने पुण्याहून येऊन बघावी यात मेहुण्याला थोडी लाजही वाटत होती. बंजारा भरतकाम, आरसे, कवड्या, दागिने जवळून बघायचे आणि लोकांनी जावं असं काहीतरी लिहायचं. अभिप्रायाचं पहिलं वाक्य मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं. मेहुण्याची गाडी नवी, बंपरला अजून लिंबू-मिरची. महिना श्रावण.

शिरपूरला पोचलो. अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती, डोक्यावर नागाचा फणा. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही म्हणून नाव अंतरिक्ष. एके काळी खालून घोडेस्वार जायचा म्हणतात, आता कापड सरकतं. कथा अशी की एलिचपूरच्या राजाला कोड होतं, इथल्या पाण्याने ते गेलं, स्वप्नात मूर्ती सापडली. ती गाडीवर ठेवून न्यायची, फक्त मागे वळून बघायचं नाही. राजाने बघितलं. गाडी पुढे निघून गेली, मूर्ती तिथेच अधांतरी राहिली. पुढचा इतिहास असा: दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात १९०५ साली पूजेच्या तासांची वाटणी झाली, मग मूर्तीच्या लेपावरून वाद, मग १९८१ ला दाराला कुलूप. चाळीस वर्षं लोकांनी छोट्या खिडकीतून दर्शन घेतलं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दार उघडलं. गाभाऱ्यात उभा असताना माझ्या शेजारी एक आजी होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळून बघते, म्हणाल्या, आणि पुढे काही न बोलता बघतच राहिल्या. मला तारे सुचले नाहीत. गावाबाहेरचं पवळीचं मंदिर दगडी कोरीव कामाचं, खांब बघत राहावे असे, पण बायकोने घड्याळ दाखवलं.

इथपर्यंत ठीक. मग मी मोबाईल काढला.

"हायवेला शेतांमधून जवळचा रस्ता आहे," मी म्हणालो. "अकरा मिनिटं वाचतात."

मेहुणा इथलाच. तो म्हणाला, "भाऊजी, तिकडून कोणी जात नाही." पण पुढच्या सीटवर सहाव्या पातळीचा माणूस बसलेला. त्याने स्टिअरिंग वळवलं.

पहिला अर्धा किलोमीटर मुरूम होता. मग दोन्ही बाजूंना हिरवंगार सोयाबीन, मधून काळी माती, आणि त्या मातीवर रात्रीचा पाऊस. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की पायाला नुसती लागत नाही, पाय धरून ठेवते. चाक फिरलं, मग नुसतं फिरत राहिलं. मेहुण्याने रिव्हर्स टाकला आणि मान वळवली.

"मागे बघू नको रे!" बायको ओरडली.

त्याने बघितलं. राजाने मागे बघितलं तर मूर्ती निदान अधांतरी राहिली. आमची मागची दोन्ही चाकं अर्ध्यापर्यंत आत गेली. मी खाली उतरलो. मी आलो, चप्पल आली नाही. ती काढायला वाकलो तर दुसरी गेली. बांधावरच्या तुराट्या आणून चाकाखाली घातल्या. चाकांनी त्या बारीक करून माझ्या शर्टावर परत केल्या. मी गाडीला मागून ढकलत होतो, गाडी मला मातीत ढकलत होती.

या रस्त्याची तक्रार करायची म्हणून, हात पुसायला कोरडी जागा उरली नव्हती तरी, मी मोबाईल उघडला. एक तारा देणार होतो. रस्त्याचं वळण विळ्यासारखं. हे वळण कुठेतरी पाहिलंय असं वाटून मी माझ्याच योगदानांची यादी खाली सरकवली. तिथे होतं: 'शिरपूर जैनजवळ नवीन रस्ता. मंजूर. १५ गुण.'

दोन वर्षांपूर्वी पुण्यात, एका पावसाळी संध्याकाळी, उपग्रहाच्या चित्रात मला दोन गावांमधली एक तपकिरी रेघ दिसली होती. पाचवी पातळी ओलांडायला थोडे गुण कमी पडत होते. वरून बघितलं की सडक काय आणि पांदण काय, रेघच असते.

तासाभराने ट्रॅक्टर आला. चालवणारे काका साठीचे, ट्रॉलीत निंदणाला निघालेल्या बायका. काका खाली उतरले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे पांदन हाये भाऊ, सडक नाई. मांगच्या आठवड्यात अकोल्याचे फसले. त्याच्या आंदी नागपूरचे. कोन्या येड्यानं मोबाईलात रस्ता टाकून देल्ला, काय मालूम."

"येडाच असेल," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात तिला माझा खोटा आवाज पाठ झाला आहे.

साखळी बांधेपर्यंत ट्रॉलीतल्या एक आजी बांधावर येऊन बसल्या. जवळच्या तांड्यावरच्या असाव्यात. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून घेतलेल्या ओढणीला कवड्यांची किनार. त्यांनी कमरेचा तंबाखूचा बटवा काढला. बटवा म्हणजे केवढा, तळहाताएवढा. लाल-निळ्या धाग्याने टाके इतके दाट की खालचं कापड दिसतच नव्हतं. मधे सात आरसे, त्यातला एक तडकलेला, आणि तडकलेल्यावरही कडेने नव्या दोऱ्याचा टाका घालून तो धरून ठेवलेला. हेच बघायला मी पोहरादेवीला निघालो होतो.

"कोणी केलं?" बायकोने विचारलं.

"याडीनं," म्हणजे आईने. "मी लहान होती तवा. आरसा म्या लावला."

"विकाल का?" हे मी विचारलं. कलेला आश्रय द्यायचा होता ना.

आजींनी माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, मग हसल्या. "आन् तंबाखू कशात ठेवू?"

ट्रॅक्टरने एका हिसक्यात गाडी काढली. काकांनी पैसे घेतले नाहीत. सोयाबीनचे शेंडे तुडवले जाऊ नयेत म्हणून जपून जा, एवढंच सांगितलं. पोहरादेवी राहिली. संध्याकाळी सासऱ्यांनी दारातच विचारलं, "संग्रहालय बघितलं?" बायको म्हणाली, "थोडंसं." बंपरला मिरची होती, लिंबू नव्हतं.

पहिल्या वाक्यासकट मी तो तयार अभिप्राय पुसून टाकला. रात्री बैठकीतल्या गादीवर बसून रस्ता नकाशातून काढायची विनंती केली. कारण लिहिलं: 'हा पांदण रस्ता आहे. पावसाळ्यात गाड्या फसतात. टाकणारा माणूस येडा होता.'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. विनंती नामंजूर. या रस्त्यावरून वाहनांची नियमित ये-जा आढळते.