चालतंय ना, मग हात लावू नकोस

नोटीस ई-मेलने येते आणि फार सभ्य असते. ‘आपलं ॲप्लिकेशन ज्या रनटाइमवर चालतं त्याचा सपोर्ट अमुक तारखेला संपत आहे, कृपया वेळेत नव्या व्हर्जनवर जावे.’ खाली निळी लिंक. लिंकवर मार्गदर्शिका. मार्गदर्शिकेत आणखी लिंका. हे वाचून ऑफिसात कुणी खुर्चीतून उठल्याचं ऐकिवात नाही. मेलला चांदणी लावतात आणि चांदणी लावलेल्या बाकीच्या मेलांच्या ढिगात ती सुखाने पडून राहते. काही महिन्यांनी तीच नोटीस पुन्हा येते. मग पुन्हा. शेवटची येते ती लाल अक्षरांत. तेव्हा कुठे मीटिंग लागते.

मीटिंगमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘पण आत्ता चालतंय ना?’’

चालतंय. तीच तर पंचाईत आहे.

स्वतःचा सर्व्हर होता तेव्हा ही कटकट नव्हती. कपाटामागच्या खोक्यात जुनीपानी भाषा घुमत असायची आणि साफसफाईवाल्या मावशींनी चुकून प्लग काढेपर्यंत तिला कुणी ‘ऊठ’ म्हणत नसे. क्लाउड म्हणजे भाड्याची जागा. वीज, पंखे, डिस्क, रात्रीची रखवाली सगळं मालकाकडे. बदल्यात मालक सांगेल तेव्हा सामान उचलायचं. आपल्यातल्या पुष्कळांना मात्र वाटत असतं की आपण पागडीवाले आहोत. आजोबांच्या नावावर जागा आहे, कोण हलवतंय! करार अकरा महिन्यांचा होता हे चौथ्या नोटिशीला कळतं.

गूगलचंच बघा. ‘ॲप इंजिन’ त्यांनी २००८ च्या एप्रिलमध्ये काढलं. तुम्ही कोड लिहा आणि ढकला, बाकीचं आम्ही बघतो, असा थाट. सुरुवातीला दहा हजार डेव्हलपरांनाच प्रवेश. महिन्याला साधारण पन्नास लाख पानं उघडेपर्यंत फुकट. भाषा मात्र एकच, पायथन २.५. त्याच वर्षी ३ डिसेंबरला पायथन ३.० आलं, जुन्या कोडशी राजरोस काडीमोड घेऊन. ॲप इंजिनच्या मूळ ‘स्टँडर्ड’ व्यवस्थेत ते अवतरलं कधी? २०१८ च्या ऑगस्टात, तेही बेटा म्हणून. मध्ये दहा वर्षं गेली. तेवढ्यात एखादं मूल बालवाडीतून दहावीच्या उंबरठ्यावर येतं.

पायथनचे जनक गीदो व्हान रॉसम २००५ ते २०१२ गूगलच्याच पगारावर होते. त्यातला काही काळ चक्क ॲप इंजिनच्या टीममध्ये. तिथली ‘एनडीबी’ ही डेटा ठेवायची लायब्ररी त्यांच्याच हातची. नवी भाषा जगाला देणारा माणूस बसतो त्या टेबलावर जुनीच चालू! पुढे ते ड्रॉपबॉक्समध्ये गेले. ड्रॉपबॉक्सने आपलं डेस्कटॉप ॲप पायथन ३ वर नेल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं, तीनेक वर्षं खपून. भाषेचा बाप घरात असून तीन वर्षं लागतात, तर आपल्या मॅनेजरसाहेबांनी एक्सेलमध्ये ‘रनटाइम अपग्रेड : दोन दिवस’ लिहिलंय ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न मी आजवर तीन कंपन्यांत विचारून पाहिलाय. उत्तर प्रत्येक ठिकाणी ‘क्लायंटला तसंच सांगितलंय’ असंच आलं.

आळशांची बाजूही मांडली पाहिजे, कारण इतिहास त्यांच्या बाजूने आहे. पायथन २ ला निरोप द्यायचा मुहूर्त मुळात २०१५ चा होता. लोक जागचे हलले नाहीत, म्हणून तो २०२० वर ढकलला. १ जानेवारी २०२० उजाडला, आणि तरी एप्रिलमध्ये २.७.१८ हे शेवटचं व्हर्जन निघालंच. गूगलने ॲप इंजिनवर २.७ त्यानंतरही पोसलं, ३० जानेवारी २०२४ पर्यंत. त्या तारखेलाही चालती ॲप बंद पाडली नाहीत. फक्त यापुढे काही झालं तर आमच्याकडे येऊ नका, एवढंच.

गुणी मुलांचं काय झालं ते ऐका. पायथन ३ चा नवा रनटाइम आला तो रिकाम्या खोल्यांसारखा. पूर्वी आतच मिळणाऱ्या मेमकॅश, टास्क क्यू, मेल वगैरे सोयी गायब. प्रत्येकीसाठी वेगळी सेवा जोडा, कॅशसाठी रेडिस घ्या आणि त्याचे वेगळे पैसे मोजा. ‘वेबॲप२’ हा जुना सांगाडा पायथन ३ वर उभाच राहीना, म्हणून सगळं फ्लास्कमध्ये पुन्हा लिहा. गुणी मुलांनी हे मान मोडून केलं, रविवार घातले. आणि २०२१ मध्ये गूगलने त्याच जुन्या सोयी नव्या रनटाइममध्ये परत दिल्या! एक पॅकेज घाला, सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहा, झालं. मेलला चांदणी लावून झोपलेल्यांना सगळं आयतं. वेळेवर काम करणाऱ्याला आपल्याकडे पुढचं काम मिळतं हे माहीत होतं. केलेलंही वाया जातं, हे क्लाउडने शिकवलं.

आता प्रत्यक्ष मोडतं काय? आरडाओरडा होतो तो ‘प्रिंट’च्या कंसांवरून. पायथन २ मध्ये ते कंसांशिवाय चालायचं, ३ मध्ये चालत नाही. यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी इतकी आसवं ढाळली की वाटावं, कीबोर्डवरून कंसाची बटणं कुणी उपटून नेलीत. वास्तविक हे काम ‘टू-टू-थ्री’ नावाचं यंत्र आपोआप करून द्यायचं. दोन्ही व्हर्जनांवर एकच कोड पळावा म्हणून ‘सिक्स’ नावाची लायब्ररी होती. नाव सिक्स का, तर दोन त्रिक सहा. पायथन २ मध्ये बसून ‘फ्युचर’ या विभागातून नव्या पद्धतीचा भागाकार मागवायचीही सोय होती. भविष्यातून मागवलेला भागाकार! इतकी सोय असून लोक कंसांवर रडत बसले, कारण कंस दिसतात.

जे दिसत नाही त्याचं काय?

एक पतसंस्था घ्या. तालुक्याच्या गावातली, सचिवांच्या भाच्याने दहा वर्षांपूर्वी ॲप करून क्लाउडवर टाकलेली. (सॉफ्टवेअर आणि मंगल कार्यालय ओळखीतल्याच माणसाचं घ्यायचं, असा सहकारातला अलिखित पोटनियम आहे.) वर्षाचे हजार रुपये बारा महिन्यांत विभागून जमा करायचे. पायथन २ ला पूर्णांकाला पूर्णांकाने भागायला सांगितलं की ते अपूर्णांक कापून टाकतं. हजार भागिले बारा, त्र्याऐंशी. त्र्याऐंशी गुणिले बारा, नऊशे शहाण्णव. सभासदामागे चार रुपये दरवर्षी हवेत. खाल्ले कुणीच नाहीत, पण ताळेबंदात ‘किरकोळ फरक’ या नावाने ते मुक्काम करून असतात. पायथन ३ तोच भागाकार ८३.३३ असा करतं. ना एरर, ना लाल अक्षर. आकडा बदलतो, बस्स.

पुढे व्याज. ११२ रुपये ५० पैसे पूर्ण रुपयात करा म्हटलं की पायथन २ म्हणायचं ११३, शाळेत शिकवलं तसं. पायथन ३ म्हणतं ११२. कारण नव्या नियमाने नेमका अर्धा उरला तर जवळच्या सम आकड्याकडे जायचं. ११३ रुपये ५० पैशांचे मात्र दोन्हीकडे ११४ होतात. म्हणजे शेजारी-शेजारी पासबुकं घेऊन बसलेल्या दोन सभासदांत एकाचे पन्नास पैसे गेले, दुसऱ्याला पन्नास पैसे मिळाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नवा नियम जास्त न्याय्य आहे आणि मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण हे वार्षिक सर्वसाधारण सभेत माइकवर समजावून सांगायला मी जाणार नाही.

तिसरा नमुना सर्वांत गोड. किमान शिल्लक पाचशे. त्याखालच्या खातेदारांना दंड. काही खात्यांत शिल्लकेचा रकाना भरलेलाच नाही, कोरा. पायथन २ मध्ये ‘काहीच नाही’ हे कुठल्याही आकड्यापेक्षा लहान समजलं जायचं. त्यामुळे कोऱ्या रकान्याचे खातेदार बिनबोभाट दंडाच्या यादीत. वर्षानुवर्षं. पायथन ३ अशी तुलना करायलाच नकार देतं आणि रिपोर्ट अर्ध्यात आडवा पडतो. लगेच बोंब : अपग्रेडने रिपोर्ट मोडला! अहो, रिपोर्ट मोडलेलाच होता. नव्या रनटाइमने तो मोडल्याचं सांगितलं, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि नावांचा गोंधळ तर आपल्या खास हक्काचा. पायथन २ ची साधी अक्षरमाळ म्हणजे नुसते बाइट, आणि तिचा मूळ विश्वास १२८ चिन्हांपलीकडे जग नाही यावर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट हटकून २२४ नंबरचा. म्हणजे मराठी नावाच्या पहिल्या पावलालाच पायथन २ ठेचकाळणार. ठेचकाळलं नाही तर मोजमापात गडबड. ‘ज्ञानेश्वर’ची लांबी ते सांगायचं तीस. भाच्याने एसएमएससाठी नाव वीसवर कापलेलं. म्हणून सभासदाला आजवर ‘ज्ञाने’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह अशा नावाने हप्त्याची आठवण जात होती. बिचारा भरतही होता. पायथन ३ मध्ये लांबी दहा भरते, नाव अख्खं जातं. पहिलीतल्या पोराला विचाराल तर तो ज्ञा-ने-श्व-र म्हणत बोटं मोजून चार सांगेल, पण त्याच्यापर्यंत पोचायला बहुधा आणखी एखादं व्हर्जन लागेल. पीएचपीवाल्यांनी तर युनिकोड पोटात घ्यायच्या नादात सहावं व्हर्जन करायला घेतलं, ते २०१० मध्ये गुंडाळलं आणि पाचावरून सरळ सातावर उडी मारली. त्या मानाने आपली ठेच स्वस्तातली.

बरं, जमतच नाही असंही नाही. इन्स्टाग्रामने २०१७ च्या सुमारास साइट एक दिवस बंद न ठेवता, दहाएक महिन्यांत पायथन ३ गाठलं. त्यांच्याकडे टेस्ट होत्या. आपल्याकडे टेस्ट म्हणजे ‘लाइव्ह करून बघू, फोन आले तर परतवू’. आणि परतवायला जुना रनटाइम अजून शिल्लक आहे का, हे फोन आल्यावर बघायचं.

शेवटी भाच्याने ते काम केलं. भागाकार तपासले, कोरे रकाने भरले, व्याजाला जुनाच नियम हाताने लिहून दिला, आणि चेअरमनांपुढे बिल ठेवलं.

‘‘अरे, स्क्रीन तर तीच दिसत्येय,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘रंगसुद्धा बदलला नाहीस. मग पैसे कसले?’’

‘‘काका, आतलं सगळं ३.१२ वर नेलं.’’

‘‘मग आता कायमचं झालं ना?’’

‘‘कायमचं कसं? हल्ली दरवर्षी ऑक्टोबरात नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं मिळतात. याची मुदत ऑक्टोबर २०२८.’’

चेअरमनांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोटं मोजली. चेहरा उजळला.

‘‘मग काळजी नाही. त्याआधी आपल्या मंडळाची मुदत संपते.’’