टायरची जन्मतारीख

"काय नाना, सकाळी सकाळी गाडीला साष्टांग नमस्कार?"

कुंपणापलीकडे वहिनी जास्वंदीची फुलं काढत होत्या. मी मोबाइलचा उजेड पाडून पुढच्या चाकाशी आडवा झालो होतो.

"नमस्कार कसला वहिनी! टायर गुळगुळीत झालेत. परवा पावसात क्रांती चौकात ब्रेक दाबला, तर गाडी थेट झेब्रा पट्ट्यांवर जाऊन थांबली."

"अहो, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातली स्कोडा लॉरा, त्यात डिझेल. तिला असं अनवाणी फिरवता?"

"बदलायचेच आहेत. पण चिरंजीव म्हणतात, सोळा इंची काढून सतरा इंची अलॉय घालू. रुबाब वाढतो म्हणे."

वहिनींचा आवाज खाली आला. म्हणजे आता खरी बातमी.

"कोपऱ्यावरच्या बंगल्यात दिवाळीला हेच केलं. पंधरा दिवसांत एक खड्डा लागला आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा! कडेला इलाज नसतो, टायर फेकूनच द्यावा लागला. तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे म्हणतात."

"वहिनी, तुम्हाला बरंच ठाऊक!"

"जालन्याला भावाचं टायरचं दुकान आहे. राखीला गेलं की ताटात लाडू नि कानात टायर. वाचा बघू काय लिहिलंय."

"२०५/५५ आर १६, ९१ व्ही."

"रुंदी २०५ मिलिमीटर. कडेची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३. सतरा इंचीत २२५/४५ घेतलात, तर कड उरते १०१. चाक बाहेरून तेवढंच, रबर मात्र कमी."

"म्हणजे पलंग मोठा केला नि गादी पातळ केली!"

"बरोबर. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार. तो आकडा खाली जाऊ देऊ नका, तुमचं डिझेल इंजिन जड आहे. व्ही म्हणजे ताशी २४० चा वेग."

"समृद्धी महामार्गावरसुद्धा १२० च्या पुढे परवानगी नाही, वहिनी."

"म्हणून काय हलका टायर घालायचा? गाडीला जो दिलाय तोच घ्या. आता आतल्या बाजूनं हात फिरवा."

फिरवला. बाहेर खाचा होत्या. आतली कड मात्र तळहातासारखी सपाट, खाचेतला १.६ मिलिमीटरचा उंचवटाही रबराशी समपातळीत आलेला.

"तो उंचवटा टेकला की टायर संपला, कायद्यानंसुद्धा. आणि एकाच कडेला झिजलाय म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय. ते आधी करा, नाहीतर नवेही तसेच जातील. आणि नवी जोडी मागं लावा."

"झिजले पुढचे नि नवे मागं?"

"मागचे चांगले आहेत ना, ते पुढं घ्या. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते, भल्याभल्यांना सावरत नाही. पुढची सुटली तर पाय उचलून निभावता तरी येतं."

मी हळूच म्हटलं, "एक दुकानदार स्वस्तात द्यायला तयार आहे."

"टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचलेत? २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. लग्नाला पत्रिका बघता, मग टायरची जन्मतारीख का नको? आणि हवा अंदाजानं भरू नका. डिझेलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर आकडा आहे."

फुलं घेऊन वहिनी देवघराकडे गेल्या. चिरंजीवांना मी तिथूनच हाक मारून सांगितलं, सोळाच राहणार. मग सहज डिक्की उघडून स्टेपनी पाहिली. एकदाही न वापरलेली, खाचा अगदी कोऱ्या. धूळ पुसून आकडे वाचले: ३४११. म्हणजे २०११ चा चौतिसावा आठवडा.

आता दोन नाही, तीन टायर घ्यायचेत.