दुसरी गादी

गादी एक असली की राज्य चालतं, दोन झाल्या की तह करावा लागतो, हे सातारा जिल्ह्यात इतिहास शिकवलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यातला १७३१ चा वारणेचा तह मी वडूजच्या पोरांकडून कलमवार पाठ करून घेतला. निवृत्तीनंतर तसलाच तह आपल्या दारात, एका जुन्या हॅचबॅकपायी करावा लागेल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पहिली गादी पुण्याची. म्हणजे मुलाच्या गाडीत नातवासाठी बसवलेली सीट. मल्हार दोन वर्षांचा, वजन बारा किलो, आणि सीट पंचवीस हजारांची. किलोला दोन हजारांवर भाव गेला. ती गाडीच्या सांगाड्यातल्या दोन लोखंडी कड्यांत खटकन अडकते. त्याला आयसोफिक्स म्हणतात. आमची गाडी त्या कड्यांच्या आधीच्या जमान्यातली. यंदा सूनबाईंनी फोनवर जाहीर केलं, "बाबा, मल्हारला आठ-दहा दिवस तुमच्याकडं ठेवतोय. आम्ही सोडून लगेच परत येणार. पण तुमच्या गाडीत सीट नसेल तर त्याला गाडीतून कुठं न्यायचं नाही."

घरात सभा भरली. आमच्या खटाव तालुक्यात लहान पोराला जागा द्यायची पद्धतच नाही. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, त्यामुळे मांडी. वडापच्या जीपमध्ये तर पोराचं शीटच धरत नाहीत. ते कुणाच्या तरी दोन गुडघ्यांच्या मध्ये, पिशवीशेजारी उभं राहतं आणि पुसेगावला उतरताना चुकून दुसऱ्याच कुणाबरोबर उतरायला निघतं. मोटरसायकलवर त्याचं स्थान टाकीवर. चार वर्षांखालच्या पोराला दुचाकीवर हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधणारा पट्टा हवा, आणि वेग चाळीसच्या वर नको, असा केंद्राचा नियम २०२२ साली निघालाय. पण तो वर्धनगडचा घाट चढून अजून आमच्याकडं उतरलेला नाही.

"ह्येला मी म्हसवडच्या रथाला बैलगाडीतनं नेला," आई माझ्याकडं बोट करून म्हणाली. "चाकाशेजारी निजायचा. काय झालं न्हाय." हे म्हणताना तिनं माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं.

सौभाग्यवतींचा मुद्दा सरळ होता. "माझी मांडी असताना खुर्ची कशाला?"

मी फळा-खडू नसताना गणित मांडलं. ताशी पन्नासनं जाणारी गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बारा किलोचं पोर जागच्या जागी धरून ठेवायला साधारण पावणेदोन क्विंटल पेलण्याएवढं बळ लागतं. म्हणजे पुसेगावच्या बटाट्याची साडेतीन पोती, आणि तीही अचानक.

"बटाटे मी कधी मांडीवर घेतलेत?" ती म्हणाली. मग मी कायद्यावर आलो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९४ बी हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय गाडीत नेलं तर चालकाला हजार रुपये दंड.

"आणि सीट केवढ्याला?"

"स्वस्तातली सहा-सात हजार."

"मग सात वेळा धरू द्या की."

याला उत्तर नाही. असा हिशेब करणारी माणसं अर्थखात्यात हवीत, ती आमच्या स्वयंपाकघरात आहेत. औंधच्या माझ्या बहिणीनंही फोनवरून याच बाजूनं मत दिलं. पण तिचं आणि आमच्या हिचं एका लग्नापासून जेवढ्यास तेवढं असल्यानं, नणंद मांडीच्या बाजूची आहे म्हटल्यावर ही तडक सीटच्या बाजूला आली. ठराव पास झाला.

एवढ्यात मेहुण्यांचा निरोप आला की विकत घेऊ नका, आमच्याकडं एक पडून आहे. मेहुणे गलाईवाले. आमच्या खटाव-माणची आणि तिकडं विटा-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत, तसे हे तमिळनाडूत. सीट ट्रॅव्हल्सच्या टपावरून आली. बूड उलटं करून पाहिलं तर प्लॅस्टिकमध्येच तयार झाल्याचं वर्ष कोरलेलं होतं आणि किती वर्षं वापरायची तेही. मुदत केव्हाच संपलेली. आभाराचा फोन केला तेव्हा मेहुणे कौतुकानं म्हणाले, "लई दणकट चीज आहे. गाडी पार चेपली होती, हिला ओरखडा नाही!" अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते, कारण आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. रतीभर सोनं कस लावल्याशिवाय हातात न घेणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? सांगितलं नाही. सीट परसात ठेवली. तिच्यात आता मांजर निजतं, आणि पट्टा लावत नाही.

मग साताऱ्याला गेलो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैल घेणारा माणूस जसा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो आणि मगच उपरण्याखाली हात घालतो, तसं करायचं मी ठरवलं होतं. दुकानदारानं मात्र खोक्यावर थाप मारून सांगितलं, "सर, युनिव्हर्सल आहे. सगळ्या गाड्यांना बसतं." मी म्हटलं, सगळ्या गाड्या राहू द्या, माझी बाहेर उभी आहे, तिला बसवून दाखवा. त्याचा चेहरा पडला. पोऱ्याचा त्याहून.

पहिली सीट दिसायला सिंहासन. मखमल, दोन्हीकडं उशा, पेला ठेवायला खोबण. सूनबाईंची अट होती की मल्हारचं तोंड मागं करूनच बसवायचं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कोवळी, समोरून दणका बसला तर तो सगळ्या पाठीनं झेलावा म्हणून. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या डॉक्टरांची, १९६० च्या दशकातली. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर टेकून उडताना पाहून त्यांना ती सुचली. त्याआधी तीसच्या दशकात अमेरिकेत मुलांच्या सीट होत्या, पण त्या पोराला उंच बसवायला आणि त्यानं गाडीभर धुडगूस घालू नये म्हणून. जीव वाचवायचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. मला विचाराल तर घरातल्या आज्यांना हे तीसच्या दशकातलं कारण चटकन पटतं.

तर ते सिंहासन उलटं ठेवलं आणि गाडीचा पट्टा त्याच्या अंगावरून फिरवला. चार बोटं कमी पडला. पोऱ्यानं ओढला, दुकानदारानं ओढला, मी ओढला. पट्टा काही वाढेना. दुसऱ्या सीटला पट्टा पुरला, पण गाडीच्या बकलाची दांडी लांब, त्यामुळे बकल नेमकं सीटच्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यावर आलं. तिथं ते आडवं पडून ताण घेतं आणि ऐन वेळी तुटू शकतं. तिसरीला बकल नीट बसलं तर आमच्या मागच्या सीटचा उतार असा, की ती खुर्ची आरामात मागं-पुढं डुलायला लागली. "हे सर्वात महाग मॉडेल आहे," दुकानदार म्हणाला. डुलतही सर्वात जास्त होतं.

शेवटी कोपऱ्यातून एक रोडकी, राखाडी सीट निघाली. उशी बेताची, खोबण नाही, किंमत साडेसहा हजार. पण अंगानं बारीक असल्यानं पट्टा पुरला, बकलही सरळ आलं. मागं नारिंगी चिकटपट्टी होती, तीवर गोलात ई हे इंग्रजी अक्षर, शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा आणि खाली किती किलोपर्यंत चालेल ते. ही चिकटपट्टी असली की स्वस्त-महाग दोघींनी धडकेची निदान एकच किमान परीक्षा दिलेली असते. वरचे पैसे बरेचसे मखमलीचे आणि सोयीचे. पट्टे खांद्याच्या कुठं येतात हे बघायला मल्हार हजर नव्हता, पण सूनबाईंनी त्याला भिंतीला टेकवून बैठकीपासून खांद्यापर्यंत माप कळवलं होतं. तोंड मागं असेल तर पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून निघावा, पुढं असेल तर पातळीला किंवा जरा वरून. मी खिशातून शिंप्याचा टेप काढला तेव्हा पोऱ्या आत निघून गेला.

घासाघीस करायला मीच संकोचलो. सेवागिरींच्या रथावर नोटांच्या माळा चढवणारा आमचा तालुका. पोराच्या सीटपुढं मात्र साडेसहा हजारांचे सहा करा म्हणून अडून बसतो. हिला असला संकोच नव्हता. सहाला सुटली.

घरी येऊन बसवायला घेतली. पट्टा जिथून सीटमध्ये शिरतो तिथं धरून हलवली तर इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. माझी वीतभर सरकत होती. कडब्याची गाडी आवळण्यात तालुक्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नाही ते शेजारचे तात्या कुंपणापलीकडून बघत होते. "हलतंया की ओ गुरुजी," ते म्हणाले आणि चपला काढून आत शिरले. गुडघा सीटच्या बैठकीत रोवला, सगळा भार खाली दिला, तोंडानं "हं" केलं आणि पट्टा असा खेचला की गाडीची मागची बाजू दबून वर आली. मग दोन्ही हातांनी सीट गदागदा हलवली. हलली ती गाडी. "आता पोरगं ऱ्हाऊ द्या, बोकड घाला आत. हलायचं न्हाय." कंपनीच्या माहितीपुस्तकात अकरा चित्रं होती, त्यातल्या एकातही तात्या नव्हते.

तहाची कलमं मग आपोआप ठरत गेली. सीट डाव्या बाजूला, मागं. तिला जागा मिळावी म्हणून पुढची डावी सीट पुढं सरकवायची, तिच्यावर आई. आईचे गुडघे डॅशबोर्डला लागले तेव्हा ती म्हणाली, "मी चालत येती, तुमी व्हा फुडं." हिनं मागं, नातवाशेजारी. मांडी रिकामी.

मल्हार आला. रडारड होईल म्हणून हिनं खडीसाखर, बेदाणे, दोन खुळखुळे अशी जय्यत तयारी केली होती. तो सीटकडं बघून आपणहून चढला आणि बांधा म्हणून हात वर करून बसला. पुण्यात त्याला गाडी म्हणजे हेच माहीत. हिचा चेहरा मात्र उतरला. भारत एनकॅपवाले २०२३ पासून गाड्या आपटून बघतात तेव्हा आत दीड आणि तीन वर्षांच्या पोरांएवढ्या बाहुल्या रीतसर बांधून ठेवतात. त्या बाहुल्यांना आज्या नसाव्यात. मी पट्टे आवळले. खांद्यावर चिमटीत पकडता येईना इतके घट्ट. हिनं "पोराचा जीव गुदमरेल" म्हणून ते तीनदा सैल केले आणि मी चौथ्यांदा आवळले.

औंधला यमाईच्या दर्शनाला निघायचं होतं. गाडी सुरू केली तर मागून आवाज आला, "आजी क्लिक!" पुण्याच्या गाडीत सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलत नाही म्हणे. मागं बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा असतो हे २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले तेव्हा पुष्कळांना कळलं होतं, पुढं विसरलंही. आमच्या गाडीत हिच्या बाजूचं बकल बैठकीच्या फटीत गेलं होतं, ते कोणी कधी शोधलंच नव्हतं. "आजी क्लिक" थांबेना. हिनं फटीत हात घातला. आधी शेंगदाणे आले, मग एसटीचं तिकीट, मग माझ्या पेनाचं टोपण, आणि मग बकलाबरोबर चिमटीत एक सोन्याची फिरकी.

गाडीत शांतता पसरली. दहिवडीच्या लग्नात हरवलेली कुडीची फिरकी ती. त्या दिवशी कुड्या घालायला दिल्या होत्या माझ्या बहिणीला, आणि त्यावरूनच जेवढ्यास तेवढं सुरू झालं होतं.

हिनं फिरकी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, पट्टा लावला आणि आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली, "या फिरकीचं कुणापुढं काही बोलायचं नाही. समजलं?"

मला समजलं. आईला ऐकू कमी येतं. पण मल्हारला नवा शब्द सापडला की तो दिवसभर पुरतो. येरळेचा पूल मागं पडल्यापासून तो पाठमोरा बसून, मागच्या काचेतून दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून ओरडत होता, "आजी फिरकी! आजी फिरकी!" आणि देवळात जायच्या आधी चहाला थांबायचं होतं बहिणीकडंच.