इटली, व्हाया नरखेड

लग्नाची पंचविशी इटलीत साजरी करायची, असं ह्यांनी लेकीसमोर कबूल केलं होतं. नेलं पांढुर्ण्याला.

लेक तोरिनोला शिकते. तिने पाठवलेल्या सहलीच्या पत्रकात रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, व्हेरोना अशी गावं होती. प्रत्येक गावाआधी ‘रोमँटिक’ आणि प्रत्येक रोमँटिक गोष्टीखाली बारीक अक्षरात ‘खर्च वेगळा’. गोंडोल्याचा खर्च वेगळा, मेणबत्त्या लावून जेवायचं तर त्याचा वेगळा. हे इतिहासाचे शिक्षक. समोर कागद आला की गुण दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लाल पेन काढून त्यांनी पत्रक तपासायला घेतलं.

“यात जिनोआ कुठंय?”

“जिनोआत काय आहे?”

“मॅझिनी जन्मला तिथं!”

ह्यांची सगळी इटली सावरकरांच्या 1907 सालच्या ‘जोसेफ मॅझिनी’तून आलेली. त्या इटलीत तुरुंग आहेत, गुप्त संघटना आहेत, गॅरिबाल्डी आहे. नवराबायकोने हातात हात घालून आइस्क्रीम खायची सोय नाही. पुढे व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट लागतं असं कळलं आणि ह्यांचा स्वाभिमान उसळून आला. “खात्यात किती आहे ते मी तुला कधी सांगितलं नाही, तर त्या परक्यांना काय म्हणून सांगू?” पंचवीस वर्षांत एवढी उघड कबुली मी प्रथमच ऐकत होते.

घोडं इथं अडलेलं असताना लेकीने इव्रेआचा व्हिडिओ पाठवला. तोरिनोच्या उत्तरेला दोरा नदीकाठी हे गाव आहे. ऑलिव्हेट्टीचा टाइपरायटरचा कारखाना 1908 साली तिथे निघाला. आता गाव ओळखलं जातं ते संत्र्यांच्या लढाईसाठी. लेंटच्या उपासांआधी तीन दिवस तिथली माणसं चौकाचौकांत उभी राहून एकमेकांना संत्री फेकून मारतात. घोडागाड्यांतून जुलमी सरदाराचे शिपाई येतात, त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण. खाली जमिनीवर रयतेची नऊ पथकं, ती उघड्या तोंडाने लढतात. ज्याला मार नको त्याने लाल टोपी घालायची. लेक लाल टोपी घालून उभी होती, तरी तिच्या कोटावरून रस ओघळत होता. यामागची कथा अशी सांगतात : तिथल्या सरदाराला गावातली प्रत्येक नवी नवरी पहिल्या रात्री आपल्या वाड्यावर हवी असे. एका गिरणीवाल्याच्या लेकीने, तिचं नाव व्हिओलेट्टा, त्याचं मुंडकंच उडवलं आणि गाव उठलं.

ह्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. “एवढंच ना? हे आपल्या पांढुर्ण्याला आहे. प्रेमकथेसकट. व्हिसा लागत नाही.”

पांढुर्ण्याचं हे नेमकं पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी; त्याच दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत चुकवायची म्हणजे आम्हां नागपूरकर बायकांना माहेरचं लग्न चुकवल्याइतकं जिवावर येतं. पण नवरा आपणहून कुठेतरी चल म्हणतोय, म्हटल्यावर मी पिशवी भरली.

पोळ्याच्या सकाळी पॅसेंजरने निघालो. काटोल गेलं, नरखेड गेलं आणि महाराष्ट्र संपला. तो संपल्याचं डब्यात कोणाच्याही लक्षात आलं नाही. फलाटावरच्या पाट्या हिंदी झाल्या, शेंगदाणेवाला मात्र मराठीतच ओरडत राहिला. हे उठून उभे राहिले. ते उभे राहिले की तास सुरू होतो. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात, नाव आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश; राजधानी नागपूर. मग विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. “1861 साली इटली जुळली,” हे खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाले, “आणि इथं आपण तुटलो.” खिडकीबाहेर एक म्हैस होती. समोरच्या बाकावरच्या म्हातारबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुटलो कुठं जी? माह्या दोन्ही सुना नरखेडच्या हायेत.”

2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके त्यात आले. ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी उतरलो. जाम नदीच्या अगदी काठावरचं घर, वर गच्ची. “रिव्हर व्ह्यू,” हे माझ्या कानाशी पुटपुटले. पोळ्याची गडबड चालू होती. बैलांच्या शिंगांना बेगड, कपाळाला मठाटी, अंगावर झूल. तोरणाखाली जोड्या उभ्या आणि झडत्या म्हणणाऱ्यांचे आवाज चढलेले. घरोघर पुरण शिजत होतं. एवढ्यात यजमानीणबाई नदीकडच्या खिडक्यांना तारेने पत्रे बांधायला लागल्या. मी मदतीला तार धरली.

“पावसासाठी का हो?”

“नाही जी. उद्या गोटमार हाय नं.”

गोटमार म्हणजे दगडांची लढाई, आणि ह्यांनी म्हटलेली प्रेमकथा तिच्यामागची. पांढुर्ण्याच्या पोराचं नदीपलीकडच्या सावरगावच्या पोरीवर मन बसलं. तिला घेऊन तो पहाटे निघाला, दोघं जामच्या पात्रात असताना सावरगाव जागं झालं आणि दगड सुरू झाले. मग इकडून पांढुर्णेकर पोराच्या बाजूने धावले आणि त्यांनीही दगड उचलले. दोघं नदीत मेली, असं काही जण सांगतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी त्यांना सोडवून आणलं, असं काही जण. कोणी म्हणतं प्रेम वगैरे काही नव्हतं, भोसल्यांच्या फौजा इथं दगडफेकीचा सराव करायच्या. ही तिसरी कथा ह्यांना पटणारी. मला अर्थातच पहिली.

या दोघांची नावं मी गच्चीवर जमलेल्या प्रत्येकाला विचारली. कोणाला ठाऊक नव्हती. व्हेरोनात ज्युलिएटचं म्हणून घर दाखवतात. तिथली बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे, तरी जगभरातून ज्युलिएटच्या नावे पत्रं येतात आणि त्यांना उत्तरं लिहायला स्वयंसेवक बसतात. इव्रेआतही दरवर्षी एक बाई व्हिओलेट्टा होऊन सोनेरी रथातून मिरवते. आमची सावरगावची पोर बिननावाची. तिच्या जागी पळसाचं झाड असतं. जंगलातून तोडून आणतात, पूजा करतात, करीच्या पहाटे नदीच्या मधोमध रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. सावरगाववाले त्या झाडाला लेक मानून राखतात. पांढुर्णेवाले कुऱ्हाड घेऊन ते न्यायला येतात, मिळालं की चंडीमातेच्या देवळात वाहतात. पोराच्या आठवणीचं मात्र कुठे काहीच नाही. त्याच्या वाट्याला वऱ्हाड तेवढं आलं, तेही दगड घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढोल वाजत होते. नदीच्या दोन्ही काठांवर माणूसच माणूस. जमावबंदीचा हुकूम निघालेला होता आणि तो मोडला जाणार हे धरून ॲम्ब्युलन्सही उभ्या केलेल्या होत्या. गोफणीला बंदी. पुलाशी पोलीस. पहिला गोटा कोणी मारला ते कोणी पाहिलं नाही. एकदम हवा भरूनच गेली. गोटे वर चढताना छोटे दिसतात, आपल्याकडे यायला लागले की मोठे. आमच्या खालच्या पत्र्यावर एक आदळला तेव्हा हातातल्या वाटीतलं तूप माझ्या पदरावर सांडलं.

यजमानीणबाई मात्र शांतपणे पुरणपोळी वाढत होत्या. त्यांचं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. भाऊ पलीकडच्या काठावर, नवरा अलीकडच्या.

“भीती नाही वाटत?”

“कोणाची धरू? याहिनं मारला का त्याहिनं मारला, हळद तं माह्याच हातची लागते.”

“तुमचंही पळून जाऊन का?” मी विचारलं.

“नाही जी. आमचं ठरवून. यायले सायकल देल्ली होती बापानं.” मग नदीकडे बघत, “पळून गेली असती तं सायकल तरी वाचली असती.”

दुपारी त्यांचे यजमान कपाळाला फडकं लावून जिना चढले. बाईंनी हळद दाबली, वर चंडीमातेचा अंगारा लावला आणि विचारलं, “कोणाकडून?” “तुह्याच भावाकडून असंन,” यजमान म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मेव्हण्याचा नेम बसला याचं थोडं कौतुकच होतं. बाईंनी त्यांच्या ताटात आधी दोन पोळ्या आणि मग वाटीभर तूप वाढलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत ह्यांना माझ्या भावाकडून काय लागलं असेल तर ते दिवाळीच्या फराळातले लाडू.

हसण्यावारी नेऊ नये असंही यात पुष्कळ आहे. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. 1955 पासूनच्या मृत्यूंचा आकडा वर्तमानपत्रं दर पोळ्याला छापतात, आणि तो डझनाच्या पुढे आहे. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले, गोटे चालूच राहिले. गच्चीवरून मला एका पोराला उचलून नेताना दिसलं; त्याची एक चप्पल पाण्यातून वाहत चालली होती आणि दुसरा कोणी ती पकडायला धावत होता. त्यानंतर पोळी गिळवेना. ‘परंपरा आहे’ हे उत्तर मला तेवढ्यापुरतं तरी पुरलं नाही.

संध्याकाळी सलोखा झाला. झाड चंडीमातेला गेलं. रात्री सावरगावचा भाऊ बहिणीकडे जेवायला आला आणि मेव्हण्याच्या कपाळावरची पट्टी न्याहाळून म्हणाला, “डावीकडं वाकायले पाहिजे होतं, भाऊजी.”

दुसऱ्या दिवशी सौंसर. हे लहानपणी नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीने इथे आलेले; ती नॅरोगेज 2015 साली बंद झाली आणि आता रुंद रूळ आले, एवढा इतिहास बसमध्येच उरकला. सौंसरजवळ जामसावळीचा मारुती. तो पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. आधी उभा होता, आपल्याखालचं धन चोरांना मिळू नये म्हणून आडवा झाला, असं सांगतात. पिसाचा मनोरा 1173 साली बांधायला घेतला, तो कसाबसा चार अंश कलला आहे. तेवढ्यावर सारं जग तिथे जातं आणि हाताने त्याला सावरत असल्याचे फोटो काढतं. आमचा मारुती सरळ नव्वद अंशात. फोटोसाठी हात लावण्याचा विचार माझ्या मनात आला आणि लगेच गेला, कारण इथे सावरायला माणसंच आणलेली होती. मनाचा तोल गेलेल्या बायकापुरुषांना घरचे लोक इथे घेऊन येतात. एक म्हातारा आपल्या बायकोचे केस विंचरत देवळाच्या आवारात बसला होता. ती काही तरी पुटपुटत होती आणि तो प्रत्येक वाक्याला “हाव, हाव” म्हणत होता. ह्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. परत निघताना माझी पिशवी न सांगता घेतली. जड होती ती, तेव्हा मीही काही बोलले नाही.

मोहगाव हवेलीला सर्पा नदीकाठी अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. पंचविशीला याहून योग्य जागा नाही, असं हे म्हणाले. “अर्धा मी, अर्धी तू.” मी म्हटलं, ठीक आहे, तर मग पासबुकाचं अर्धं पानही आजच दाखवा. हे एकदम देवळाच्या बांधकामाबद्दल बोलू लागले.

ह्यांच्या सौंसरच्या एका मित्राने आपल्या बागेत नेलं. संत्र्यांचा मुलूख, पण पोळ्याच्या सुमारास आंबिया बहाराची फळं हिरवीच असतात. केशरी रंग दिवाळीच्या आसपास येणार. झाडाखाली मात्र सडा पडलेला. फळगळ. या दिवसांत पाऊस, बुरशी, किडी, काहीही निमित्त होतं आणि फळं टपाटप गळतात. मित्राने एक उचलून नखाने सोललं आणि आतली काळी पडलेली देठाकडची बाजू दाखवली. “यंदा लय गळ हाय, सर.”

ह्यांना त्याच क्षणी सुचलं. इव्रेआची हकिगत त्यांनी अथपासून इतिपर्यंत सांगितली. सरदार, गिरणीवाली, लाल टोपी, सगळं. मुख्य मुद्दा त्यांनी बोट उभं करून मांडला. इव्रेआत संत्र्याचं झाड नाही. फेकायची संत्री दक्षिणेतून येतात, सिसिली आणि कालाब्रियातून, ट्रक भरभरून. आणि जिथे संत्र्यांचा खच पडलाय, ते आपले लोक दगड मारतात!

“म्हंजे थे लोक पैसे देऊन संत्री घेतेत आन फेकून मारतेत?”

“हो.”

“काय भाव घेतेत?”

भाव ह्यांना माहीत नव्हता. पण पेन निघालं, आणि पांढुर्ण्याच्या दोन काठांवर मिळून किती माणसं, माणशी किती फळं, एका ट्रॉलीत किती फळं मावतील, असा हिशेब कागदावर चढू लागला. शीर्षक लिहून झालं होतं : ‘कलेक्टर साहेबांना निवेदन’. मित्रही उकिडवा बसून हातभार लावू लागला. गळीची फळं फुकट द्यायची की क्विंटलमागे काही धरायचं, यावर दोघं अडले. पाचची बस जवळ येत होती आणि मी घड्याळाकडे बोट दाखवत होते, पण इटलीशी स्पर्धा चालली असताना बायकोकडे कोण बघतो?

मित्राची आई एवढा वेळ बांधावर बसून टोपल्यात गळ वेचत होती. ती तिथूनच म्हणाली, “काहून उगाच कागद खराब करून राह्यले, मास्तर? आमच्या पोट्ट्यायच्या हाती संत्री द्यान, तं थे मारतीन काय? मिठासंगं खाऊन टाकतीन सारी. मंग मारायले गोटेच लागतीन नं.”