श्री. शेवाळे, तळमजला

आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत त्यांचं नाव 'शेवाळे' असं लिहिलेलं आहे. ते त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण ती पाटी इतकी हिरवी पडली आहे की कुरिअरवाले वहीवरच विश्वास ठेवतात. पहिल्या भेटीत मी त्या पाटीकडे बोट दाखवून म्हणालो, "नाना, इथेसुद्धा शेवाळ?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कळंक आहे. तांब्यापितळेवर शेवाळ धरत नाही, तांबं म्हणजे त्याला विष. तुमचं शिक्षण काय?"

मी कॉमर्सचा आहे हे ऐकून त्यांनी मला माफ केलं आणि त्या दिवसापासून अरेतुरेवर घेतलं.

बागेचं वेड असलेली माणसं पुण्यात पैशाला पासरी आहेत. गुलाबवाले आहेत, बोन्सायवाले आहेत, अलीकडे गच्चीवर ड्रॅगनफ्रूट लावणारे निघालेत. या मंडळींचं एक बरं असतं, आल्यागेल्याला दाखवायला त्यांच्याजवळ काहीतरी असतं. नाना पाहुण्याला इमारतीच्या मागच्या बोळात नेतात, कंपाउंडच्या भिंतीसमोर उभं करतात आणि गप्प राहतात. पाहुणा भिंतीकडे बघतो. मग नानांकडे बघतो. शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारतो, "मोठं झाल्यावर कसं दिसतं हे?"

"हे मोठंच आहे."

तो बोळ उत्तरेकडचा, जेमतेम दहा फूट रुंद. ड्रेनेजची झाकणं, कुणाची तरी चाक नसलेली सायकल आणि बारमाही ओल. बाकी सगळ्यांच्या लेखी ही इमारतीची पाठ. नानांच्या लेखी हाच दर्शनी भाग. रोज सकाळी ते भिंतीला हाताची मागची बाजू लावून बघतात, पोराला ताप आहे का बघावं तसं. सावली हवी पण अंधार नको, ओल हवी पण डबकं नको, असा तो सगळा नाजूक कारभार. खत तर नावालाही नको. पावसाळ्यात शेवाळाच्या त्या गालिच्यातून केसासारखी देठं वर येतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला बीजाणूंची एवढीशी बोंडं लटकतात. ती बघायला नाना भिंग घेऊन चटईवर पालथे पडतात. नव्या वॉचमनने त्यांना असं पडलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. ती आल्यावर नानांनी ड्रायव्हरलाही भिंगातून दाखवलं. हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते देठ पीळ घेतं आणि सोडतं. नाना त्यावर हलकेच श्वास सोडतात आणि ते फिरताना बघत बसतात. ड्रायव्हरही बसला म्हणे थोडा वेळ.

हे वेड जपानहून आलेलं. 2017 साली नाना मुलाकडे ओसाकाला गेले, तेव्हा सूनबाईंनी त्यांना क्योटोचं साईहोजी देऊळ दाखवायला नेलं. तिथली बाग शेवाळासाठीच प्रसिद्ध, सुमारे 120 प्रकारचं. नुसतं जाऊन तिकीट काढता येत नाही. तेव्हा आधी जोडकार्ड पाठवून परवानगी मागावी लागे, माणशी तीन हजार येन भरावे लागत आणि आत गेल्यावर आधी बसून ब्रशने बौद्ध सूत्र गिरवायचं. नानांना जपानीचं अक्षर येत नाही, पण लहानपणी बोरूने कित्ता गिरवलेला माणूस. शेवटच्या ओळीपर्यंत गिरवलं आणि बागेत पाऊल ठेवलं. तिथे त्यांना जे दिसलं त्याचं वर्णन त्यांनी काकूंना फोनवर एका वाक्यात केलं, "अगं, आपली मोरी!"

परत आल्यावर पहिला प्रयोग ताकाचा. शेवाळ ताकात घालून मिक्सरमधून फिरवायचं आणि भिंतीला फासायचं, अशी एक कृती जगभर फिरते. नानांनी ती काकूंच्या चटणीच्या भांड्यात केली. चार दिवसांनी भिंतीवर पांढरी बुरशी, मुंग्यांची रांग आणि भिंत चाटणारी दोन मांजरं, एवढंच उगवलं. ताकाचा उपयोग शून्य, असं नाना आता शपथेवर सांगतात. शेवाळाचे तुकडे ओल्या जागी ठेवावेत, तळहाताने दाबावेत आणि वाट बघावी. प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष काकूंनी काढला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एका भांड्यावर आता 'खाण्याचे' अशी चिठ्ठी आहे. मी त्यांच्याकडे हिरवी चटणी अजूनही घेत नाही.

जूनमध्ये आमची सोसायटी शेवाळाविरुद्ध युद्ध पुकारते. ब्लीचिंग पावडर, तारेचे ब्रश, खराटे निघतात. नाना बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. एका वर्षी मागच्या पायरीवरून खजिनदार घसरले आणि मनगट मोडलं. नाना आधी जखमीकडे गेले नाहीत, पायरीकडे गेले. बुळबुळीत थर काडेपेटीत खरवडून घेतला, भिंगाखाली धरला आणि मग प्लास्टर घातलेल्या खजिनदारांकडे जाऊन म्हणाले, "आनंदाची बातमी आहे. तुम्ही आमच्यावरून घसरलेला नाही."

त्यांचा मुद्दा खरा होता, हे सांगायला हवं. पायरीवर माणूस पाडतो तो चिकट थर म्हणजे शैवाल. भिंतीवरचा मखमली गालिचा म्हणजे मॉस; त्याला बारीक खोड असतं, पानं असतात. शाळेच्या पुस्तकात एक थॅलोफायटात बसतं, दुसरं ब्रायोफायटात. आपण मराठीत दोघांना शेवाळ म्हणून मोकळे होतो आणि शिक्षा मात्र भलत्यालाच करतो. खजिनदारांचं म्हणणं असं, की पडताना वर्गीकरण बघायला सवड मिळाली नाही.

प्रकरण वार्षिक सभेत गेलं. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार मुद्दाम बोलावला होता. तो म्हणाला, "मुळासकट काढून टाकतो. दहा वर्षांची गॅरंटी."

"याला मुळं नसतात," नाना म्हणाले. "धरून राहायला नुसते तंतू असतात, पाणी पानांनीच पितं. आणि दहा वर्षांचं कौतुक कुणाला? अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर दीड हजार वर्षं गोठून पडलेलं मॉस शास्त्रज्ञांनी आणून ठेवलं, तर त्याला नवे कोंब फुटले. 2014 साली छापून आलंय. तुमची गॅरंटी लेखी देता?"

ठेकेदाराने चहा घेतला आणि तो गेला. नाना रंगात आले. क्योटोची ती बाग मुसो सोसेकी नावाच्या भिक्षूने 1339 साली आखली. पण शेवाळ त्याने लावलेलं नाही. पुढे मठाची परिस्थिती खालावली, देखभालीला पैसा उरला नाही, तेव्हा ते आपलं आपण पसरलं, आणि 1994 साली ती जागा जागतिक वारशात गेली. तात्पर्य, मेंटेनन्स थांबला म्हणूनच हे वैभव आलं. सभेतल्या तीन थकबाकीदारांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्या घासाव्यात, भिंत सोडावी, असा ठराव दोन मतांनी मंजूर झाला.

खरी कसोटी उन्हाळ्याची. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार. फवारलं की पानांवर पांढरी पुटं धरतात. पावसाचं साठवलेलं पाणी मार्चपर्यंत संपतं. मग नानांना एसीच्या पाण्याचा शोध लागला. हवेतली वाफ थंड होऊन ठिबकलेलं, जवळजवळ बिनक्षाराचं पाणी! स्वतःच्या घरी एसी नाही, काकूंना सोसत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये नाना जिन्यात माणसं गाठतात. "चोवीसवर लावता? अठरावर लावून बघा, झोप छान लागते." पूर्वी एसीच्या ठिबकण्यावरून ज्यांची भांडणं व्हायची, त्या बिऱ्हाडांच्या बादल्या आता जिन्याखाली ओळीने लागलेल्या असतात. एसीच्या आतली नळी बऱ्याचदा तांब्याची असते, हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत ते पाच महिन्यांसाठी ओसाकाला गेले आणि भिंत माझ्यावर सोपवली. सोबत चौदा कलमांचा कागद. त्यातली अकरा कलमं 'नये'वर संपणारी. खत घालू नये. उपटून बघू नये. पडलेली पानं झाडूने ओढू नयेत, हाताने वेचावीत. 'वाढलं का' म्हणून रोज बघू नये, हे दोनदा होतं. मी सगळं पाळलं. पण मे महिन्यात एसीवाली बिऱ्हाडं गावाला गेली, बादल्या कोरड्या पडल्या आणि भिंत पार तपकिरी झाली. बोट लावलं तर वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं कुरकुरलं. पंधरा दिवस मी नानांचे फोन घेतले नाहीत. काकूंशी बोललो, तेही हवापाण्यापुरतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सातला वळीव कोसळला. मी छत्री घेऊन बोळात गेलो तो डोळ्यांदेखत भिंत रंग बदलत होती. मिटलेली पानं उघडत होती, तपकिरी सरकत होतं, खालून हिरवं येत होतं. व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा. नाना मच्छरदाणीतून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती मिनिटं लागली?"

"चार."

"लिहून ठेव. आणि छत्री बाजूला घे, भिंतीवर पाऊस पडू दे."

तर, तुमच्या एसीचं पाणी बाहेर कुठे वाया जात असेल, तर खाली बादली लावा. भरली की आमच्या जिन्याखाली आणून ठेवा, झाकणावर मजला लिहा. नळाचं पाणी मिसळून आणू नका, नानांना कळतं.